१२८ बाइटमधलं न्यूयॉर्क

नोकरी गेलेले तीन प्राध्यापक न्यूयॉर्कमध्ये भुतं पकडून देण्याचा धंदा काढतात. जून १९८४मध्ये आलेला ‘घोस्टबस्टर्स’ हा विनोदी सिनेमा अमेरिकेत तुफान चालला. अ‍ॅक्टिव्हिजन कंपनीसाठी त्याचा व्हिडिओ गेम केला तो ‘पिटफॉल’ हा खेळ करणाऱ्या डेव्हिड क्रेनने. हाताशी वेळ जेमतेम सहा आठवड्यांचा, म्हणून त्याने आधीच हातात असलेला मोटारींचा एक अर्धवट खेळ कामी आणला.

मला विलक्षण वाटते ती क्रेनची नजर. सिनेमातले प्रसंग एकामागून एक मांडत न बसता त्याने त्यातला धंदाच उचलला! सुरुवातीला १०,००० डॉलरचं कर्ज. त्यातून गाडी घ्यायची, सापळे घ्यायचे, शहरभर भुतं पकडत कमाई करायची. गल्ल्यात सुरुवातीपेक्षा जास्त पैसे जमले, तरच शेवटच्या इमारतीत शिरायची संधी.

मूळ खेळ कमोडोर ६४ या संगणकावरचा. त्याची मेमरी ६४ किलोबाइट. मग १९८५मध्ये तो टीव्हीला जोडायच्या अटारी २६०० या खेळयंत्रावर आला, आणि इथे खरोखर थक्क व्हायला होतं. १९७७च्या या यंत्रात खेळाची चालू स्थिती लक्षात ठेवायला मेमरी किती? १२८ बाइट. किलोबाइट नव्हे, बाइट! ‘घोस्टबस्टर्स’ हे नाव देवनागरीत साठवायला आजच्या संगणकाला ३६ बाइट लागतात. तेच नाव चौथ्यांदा लिहायला घेतलंत, की मेमरी संपली. एवढ्याशा जागेत पैसे, भुतं, गाडी, सगळ्यांचा हिशोब!

अख्खं चित्र साठवायला अर्थातच जागा नाही. त्यामुळे टीव्ही पडद्यावर रेघ काढत असतानाच तिच्यात काय दिसावं हे प्रोसेसर ठरवतो. एका रेघेला मिळतात प्रोसेसरचे ७६ ठोके, आणि साध्यात साधी सूचनाही त्यातले दोन खाते. उशीर झाला तर रेघ थांबत नाही, चित्र बिघडतं. चित्र काढणाऱ्या चिपमध्ये आठ-आठ ठिपके रुंद अशा हलत्या आकृत्यांची सोय फक्त दोनच. पण वरच्या रेघांवर एक आकृती काढून झाली, की खाली त्याच सोयीतून वेगळी आकृती काढता येते. हे सगळं सेकंदाला साठ वेळा.

‘स्टेला’ या मोफत एम्युलेटरमध्ये, म्हणजे आजच्या संगणकावर अटारीची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, अटारीचा खेळ थांबवून एकेक रेघ पुढे सरकवता येते. प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्या प्रत्येकाने हे एकदा तरी करून पाहावं.