नवें यंत्र व संगणकाचा गाभा

मानकोलीच्या गोदामांत बारकोड वाचणारें यंत्र संगणकास जोडलें कीं तें लागलीच चालूं लागतें. हें कसें घडतें, तें आपण पाहूं.

यूएसबी जोडणी १९९६ सालीं आली. तिच्या निर्मात्यांत बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठांत शिकलेले अजय भट्ट हे अग्रणी होत. यंत्र जोडतांच एका तारेवरील विद्युद्दाब वाढतो. त्या खुणेनें सावध होऊन कर्नल, म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा, पाहुण्यास १ ते १२७ पैकीं एक क्रमांक देतो, त्याचें नांव व काम विचारतो आणि त्यास चालविणारा ड्रायव्हर शोधतो.

परंतु पाहुणा सांगेल तेंच गाभा खरें मानितो. पेनड्राइव्ह स्वतःस कीबोर्ड म्हणवून गुपचूप आज्ञा देऊं शकतो, हें २०१४ सालीं संशोधकांनीं दाखविलें. यास्तव सांपडलेला पेनड्राइव्ह विद्यार्थ्यांनीं संगणकास जोडूं नये, असें आम्ही आग्रहानें सांगतों.