अडलेले इंजिन

मराठीच्या प्राध्यापकाला इंजिनातले काय कळते, असा प्रश्न धाकट्या भावाने मला तोंडावर विचारला. आणि वाचकहो, माझ्यापाशी उत्तर नव्हते.

मी अंबाजोगाईला शिकवतो. शेत केज तालुक्यात. गेल्या जानेवारीत गावचे रोहित्र जळाले. विहीर तुडुंब, गहू ओंबीवर, आणि वीज नाही! तेव्हा विहिरीवरच्या जुन्या डिझेल इंजिनाची आठवण झाली. किर्लोस्करांनी 1946 साली खडकीला ऑइल इंजिनांचा कारखाना काढला; पुढे गावोगावच्या विहिरींवर असली धुडे बसली. आमचे 1972च्या दुष्काळानंतर आजोबांनी घेतलेले. वरची पाटी केव्हाच गळून पडली आहे.

हँडल लावले. चक्र अर्धा फेरा फिरले आणि खट्! पुन्हा लावले, पुन्हा तिथेच. भाऊ म्हणाला, “दादा, जाम झालंय. भंगारात देऊ.” पण आधी एक जोर म्हणून त्याने हँडलला लांब नळी अडकवली. तेवढ्यात मिस्त्रीचाचा आले म्हणून निभावले.

“सर, जोर नका लावू. हड्डी मोडेल त्याची.”

त्यांनी प्रथम पट्टा उतरवला. पंपच अडला असेल तर शिव्या इंजिनाला कशाला? चक्र उलटे फिरवले, तर ते सहज गेले आणि फिरून त्याच जागी अडले. “गंजलं असतं तर कुठंच हललं नसतं,” चाचा म्हणाले. दाब सोडण्याची कळ मात्र गंजून लुळी पडली होती. ती वॉल उचलतच नव्हती.

डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. पिस्टन हवा सोळा-सतरा पट दाबतो, ती तापते आणि तिच्यात उडालेले डिझेल पेटते. हवा दबते, पाणी दबत नाही. चाचांनी नोझल काढले, चक्र हळूच फिरवले आणि त्या भोकातून तांबूस पाण्याची पिचकारी थेट माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर आली! नळीने जोर केला असता तर पिस्टनचा दांडा वाकला असता, आणि मग खरोखरच भंगार.

खालचे ऑइल चहासारखे दुधाळ झाले होते. ते सोडले, नवे भरले. सिलिंडरात थोडे तेल सोडून चक्र पुष्कळदा फिरवले, कळ सैल केली, नोझल बसवले, डिझेलच्या नळीतली हवा काढली. चौथ्या खेपेला काळा धूर निघाला आणि दणदणाट सुरू झाला. पाटात पाणी आले तेव्हा भाऊ माझ्याकडे न बघता गव्हाकडे पळाला.

पण आत पाणी शिरले कुठून? चाचांनी वर बोट दाखवले. 2025च्या सप्टेंबरात आमच्या दुष्काळी बीडला अतिवृष्टीने झोडपले, तेव्हा इंजिनावरचा पत्रा उडाला होता, आणि धुराडे उघडे होते.

“याच्यावर तुमच्या वडिलांचा डबा असायचा, पालथा. कुठं गेला?”

वडील जाऊन तीन वर्षे झाली. आई बांधावर उभी होती. ती काहीच बोलली नाही. घरी गेल्यावर तिने कोंबड्यांचे पाणी ओतून दिले आणि तो डबा माझ्या हातात ठेवला.