इंजिनाची तहान

वर्धा जिल्ह्यातल्या केळझरला समुद्र नाही, पण विहिरीवरचं डिझेल इंजिन तिथल्या शेतकऱ्याला परकं नाही. उपसलेल्या पाण्याचीच एक बारीक धार इंजिनातून फिरवायची आणि ते थंड ठेवायचं, ही रीत जुनी आहे. कोकणातल्या अनेक मच्छीमार बोटी तेच काम खाऱ्या पाण्यावर करतात.

त्या पाण्याचा पंप बहुधा तळहातात मावेल एवढा असतो. आत रबरी पात्यांचा इम्पेलर. पंपाच्या घराची एक बाजू आतून थोडी फुगीर असल्याने पाती तिथे वाकतात, पुढे सरळ होतात आणि पाणी ओढतात. त्यांना वंगण पाण्याचंच. म्हणून बोटीच्या तळाचा व्हॉल्व्ह बंद राहिला किंवा गाळणीत प्लास्टिकची पिशवी अडकली, की कोरडं घासून रबर काही मिनिटांतच फाटू शकतं.

बोटीचा अनुभवी तांडेल इंजिन सुरू होताच एक्झॉस्टमधून पाणी पडतंय का, ते पाहतो. धार बारीक झाली तर वेळीच थांबलेलं बरं.

1 जूनला मासेमारी बंदी लागते, तेव्हा पंप उघडायला सवड मिळते. इम्पेलर काढून ठेवावा. महिनोन् महिने दबून राहिलेली पाती वाकडीच राहतात. एखादं पातं तुटलेलं दिसलं, तर नवा इम्पेलर बसवून भागत नाही. तुटका तुकडा शोधावाच लागतो, कारण तो पुढे हीट एक्स्चेंजरच्या तोंडाशी अडकतो. पंपाखालच्या छोट्या भोकातून पाणी ठिबकत असेल, तर सील गेलं. ते भोक बुजवू नये. बुजवलं तर पाणी बेअरिंगकडे आणि काही रचनांत इंजिनाच्या ऑइलपर्यंत पोचतं.