विरघळणारा आधार

मोडलेले हाड जोडण्यासाठी बसवलेला धातूचा स्क्रू काढण्याकरिता कधीकधी दुसरी शस्त्रक्रिया करावी लागते. पॉलिलॅक्टिक आम्ल या बहुवारिकाचा स्क्रू मात्र शरीरातील पाण्यामुळे हळूहळू विघटित होतो. शेवटी त्याचे कार्बन डायऑक्साइड व पाणी होते. परंतु तो धातूइतका बळकट नसतो. म्हणून त्यात हायड्रॉक्सिॲपटाइट या सिरॅमिक पदार्थाचे नॅनोकण मिसळतात. १ नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. आपल्या हाडांतील खनिजही याच जातीचे असते. हे कण भार वाटून घेतात, विघटनातून निर्माण होणारी आम्लता सौम्य करतात आणि अस्थिपेशींना चिकटण्यास आधार देतात. मात्र त्यांच्या गुठळ्या झाल्यास तेथूनच तडा जातो. हाड जुळेपर्यंत टिकणे आणि त्यानंतर नाहीसे होणे, हीच या आधाराची खरी कसोटी होय.