लॅमिनेटेड काचेवर रंग: शोभा वाढवताना सेफ्टी विकू नका

या वेळच्या व्हिडिओत आपण रंगीत काचेचं काम पाहिलं. पण एक मुद्दा व्हिडिओत घाईघाईत उरकला गेला, आणि नेमका तोच मुद्दा तुमचं दुकान तारू शकतो किंवा बुडवू शकतो. म्हणून तो इथे सविस्तर लिहितोय.

आधी माझी चूक सांगतो. दुकान सुरू करून तिसरं वर्ष होतं. एका घराच्या जिन्याच्या कडेला काच बसवायची होती. पार्टीला मोरपंखी रंग हवा होता आणि काच लॅमिनेटेडच हवी होती, कारण घरात लहान नात. मी डोकं चालवलं. रंग दोन काचांच्या मध्ये टाकला तर ओरखडा पडणार नाही, पुसायला सोपं! एका काचेच्या आतल्या बाजूला साधा लॅकरचा पीयू रंग मारला, वाळवला, आणि आमच्या छोट्या ओव्हनमध्ये इव्हीए फिल्म घालून लॅमिनेशन केलं. काच अशी झळकत होती की फोटो काढून मीच स्टेटसला ठेवला.

सहा-सात महिन्यांनी फोन आला. "दादा, काचेच्या कडेला ढग आल्यासारखं दिसतंय." जाऊन बघितलं तर रंग काचेपासून सुटत होता. काच काढून दुकानात आणली, पोत्यात गुंडाळली, डोळ्यांवर गॉगल लावला आणि हातोडा मारला. बिनरंगाच्या बाजूचे तुकडे फिल्मला घट्ट चिकटून राहिले. रंगाच्या बाजूचे तुकडे मात्र खाली सांडले, आणि रंग फिल्मवर तसाच राहिला. त्या मुलीचा रोजचा वर-खाली करायचा जिना तोच, हे आठवलं आणि पोटात गोळा आला. काच माझ्या खर्चाने बदलून दिली. पैसे गेले, पण मोठा अपघात टळला हे नशीब.

असं का झालं?

लॅमिनेटेड काच फुटतेच. तिची सेफ्टी एवढीच की फुटल्यावर तुकडे मधल्या फिल्मला धरून राहतात. ही कल्पना एदुआर बेनेदिक्तुस या फ्रेंच माणसाला 1903 मध्ये सुचली असं सांगतात. प्रयोगशाळेत काचेचा चंबू खाली पडला, तडकला, पण आत वाळलेल्या सेल्युलोज नायट्रेटच्या थरामुळे तुकडे विखुरले नाहीत. आज आपण पीव्हीबी किंवा इव्हीए फिल्म वापरतो, तत्त्व तेच.

म्हणजे आपण ग्राहकाला खरं तर 'चिकटून राहणं' विकतो. काच आणि फिल्म यांच्यामध्ये रंग आला की फिल्म काचेला धरत नाही, रंगाला धरते. मग रंगाने काचेला जेवढं धरलंय, तेवढीच तुमची सेफ्टी. साखळीतली सगळ्यात कच्ची कडी तुम्ही स्वतःच्या हाताने बसवलीत!

बाजूंचे नंबर पाठ करा

दोन काचांच्या लॅमिनेशनला चार बाजू असतात. समोरून मोजायला सुरुवात करा: 1 म्हणजे पुढची बाहेरची, 2 आणि 3 फिल्मला लागून आतल्या, 4 मागची बाहेरची. ऑर्डर घेताना, कारागिराला सांगताना आणि बिलावर लिहिताना नंबरच वापरा. 'मागून रंग' म्हटलं की प्रत्येक जण वेगळं समजतो.

तीन सरळ रस्ते

पहिला: तयार लॅमिनेटेड काच घ्या आणि रंग बाजू 4 वर मारा. फिल्मच्या पकडीला धक्का लागत नाही. भिंतीला लागणारं पॅनल, कपाटाचं शटर यासाठी हे उत्तम. मात्र रंगाची बाजू भिंतीकडे हवी, नाहीतर ओरखडे पडणारच. कडांना टेप लावूनच रंग मारा, थिनर कडेतून फिल्मला लागता कामा नये. लवकर वाळावा म्हणून जास्त तापवू नका, उष्णतेने फिल्म मऊ पडते आणि बुडबुडे येतात.

दुसरा: सिरॅमिक रंग. हा रंग टफनिंगच्या भट्टीत 600 अंशांच्या वर भाजला जातो आणि काचेशी एकजीव होतो. हे काम लॅमिनेशनच्या आधीच करावं लागतं. दुकानात होत नाही, बाहेरून करून घ्या. हा रंग फिल्मकडे ठेवायचा असेल तर लॅमिनेशन करणाऱ्याची लेखी संमती घ्या.

तिसरा: रंगीत फिल्म. रंग फिल्ममध्येच असतो, त्यामुळे काचेवर काही मारायचंच नाही. रेलिंग आणि जिना म्हटलं की मी आता डोळे झाकून हाच पर्याय सांगतो.

रंग मारताना

- काच धुऊन, कोरडी करून, शेवटी आयपीएने पुसा. त्यानंतर उघड्या हाताने शिवू नका.
- काचेसाठीचाच प्रायमर आणि रंग घ्या. हार्डनरचं प्रमाण डब्यावर लिहिलंय तेच, अंदाजपंचे नाही.
- पांढरा किंवा फिका रंग असेल तर एक्स्ट्रा क्लिअर काच सुचवा. साध्या काचेतून पांढरा हिरवट दिसतो.
- गडद रंग उन्हात तापतो. मधला भाग गरम आणि फ्रेममधली कड थंड, या फरकाने साधी काच तडकते. उन्हाच्या जागी टफन काचेचंच लॅमिनेशन द्या.
- बसवताना व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन टाळा, न्यूट्रल सिलिकॉन वापरा.

भावात नमुना धरा

प्रत्येक नव्या रंगाचा एक फूट बाय एक फूट नमुना करा. रंग पूर्ण पक्का झाल्यावर ब्लेडने चौकटी पाडा, टेप लावून झटक्यात ओढा. मग दोन दिवस पाण्यात ठेवा आणि पुन्हा टेप. रंग निघाला तर तो माल जाऊ देऊ नका. या नमुन्याचा खर्च कोटेशनमध्ये वेगळी ओळ करून दाखवा. समजा काम 20,000 चं आहे आणि नमुन्याला 600 लागले. ग्राहक 600 साठी कुरकुरेल, पण बदलून द्यायची वेळ आली तर काच, मजुरी, गाडी सगळं मिळून तुमचे 20,000 च्या वर जातात, आणि नाव जातं ते वेगळंच.

बिलावर दोन गोष्टी नक्की लिहा: रंग कुठल्या बाजूवर आहे, आणि काच कुठे वापरायची. भारतात सेफ्टी ग्लाससाठी आयएस 2553 भाग 1 हे मानक आहे. मानकाचा शिक्का असलेली काच घेतली, तरी त्यावर तुम्ही काय केलंत याची जबाबदारी तुमचीच.

ग्राहकाला रंग दिसतो. फिल्मची पकड दिसत नाही, ती बघायची तुम्हीच. या आठवड्यात एक नमुना करून फोडून बघा, गॉगल आणि हातमोजे घालून. भेटू पुढच्या व्हिडिओत!