आधी पंप, मग तोफ
रेडिओवर चालणाऱ्या युद्धनौकांच्या लढाईत बाल्सा लाकडाच्या पातळ भिंती असतात, वायूच्या दाबाने पोलादी गोळ्या सुटतात आणि नौका खरोखर बुडते. नवख्याचं लक्ष तोफेवर असतं; ते आधी पाण्यावर हवं. १:१४४ प्रमाणात लांबी १४४ पट घटते, वजन मात्र सुमारे ३० लाख पट. म्हणून १६९ मीटरची जुनी ‘आयएनएस म्हैसूर’ जेमतेम पावणेचार किलोची होते. इंदापूरजवळ उजनीच्या फुगवट्यावर वीतभर लाट उठली, तर तिच्या मापाने ती तीस मीटरांहून उंच!

मग बारामतीकडचं शेततळं बरं, असं कुणी म्हणेल. पाणी निवांत खरं, पण बुडालेली नौका काढायला प्लास्टिकच्या निसरड्या उतारावर पाय टाकणं जिवावर बेतू शकतं. त्यापेक्षा पाझर तलावाचा गुडघाभर पाण्याचा काठ निवडावा. तिथेही नौका तगते ती पंपामुळे; तळाला उतार देऊन आत शिरलेलं पाणी थेट त्याच्या तोंडाशी आणायला हवं.