तिसरी पिन कशाला?

जव्हार-मोखाड्याचा पाऊस म्हणजे भिंती ओल्या, जमीन ओली, हातपायही ओले! ओल्या अंगाचा विद्युतरोध कमी. अशा वेळी शिंप्याच्या दुकानातल्या इस्त्रीची वायर आत सुटून पत्र्याला टेकली तर? ‘फ्यूज उडेल की!’ तुम्ही म्हणाल. पण फ्यूज ५ अँपिअरचा, म्हणजे ५००० मिलिअँपिअर. माणसाला ३० मिलिअँपिअरच्या पुढचा प्रवाहही घातक ठरू शकतो. फ्यूज शाबूत, माणूस गेला!

इथे तिसरी, जाड पिन कामी येते. ती इस्त्रीचा पत्रा अर्थिंगच्या तारेला जोडते. अर्थिंग चांगले असेल, तर त्या तारेतून एकदम मोठा प्रवाह वाहतो आणि फ्यूज उडतो.

म्हणून रोज कामाआधी प्लग काढून पाहा : वायर चिरली आहे? प्लग तडकला आहे? तिसरी पिन तुटली आहे? मग इस्त्री बाजूला ठेवा, वायरमनला दाखवा.